झाडानं अंग धरलं

मुलींच्या त्या वसतिगृहात राहायला आलेली नवी मुलगी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकायची. एक म्हणजे, न्हाणीघरातल्या डावीकडच्या नळावर 'गरम' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबायचं नाही. आणि दुसरी, अक्का वाढायला आल्या की मुकाट्यानं जेवायचं. 'नको' हा शब्द अक्कांच्या कानात शिरायचा खरा, पण पुढे कुठे जायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "अजून?" असं त्या विचारायच्या आणि समोरचीनं तोंड उघडायच्या आत पळीभर भाजी ताटात येऊन पडलेली असायची. म्हणून मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं अजूनअक्का. मुली पाठीमागे असं म्हणतात हे अक्कांना माहीत होतं आणि मनातल्या मनात त्यांना ते आवडायचंही.

आज अक्का स्वयंपाकघराच्या मालकीण असल्यासारख्या वावरत असल्या तरी आल्या तेव्हा भांडी घासायला आल्या होत्या. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला, माहेरी भावजयीनं तोंड फिरवलं, तेव्हा पत्र्याची एक ट्रंक घेऊन ही बाई मागच्या दारानं आत शिरली ती कायमचीच. पहिलं वर्ष त्यांनी दिवसभर भांडी घासली आणि जरा उसंत मिळाली की मागच्या अंगणात जाऊन डोळे पुसले. मोरीचं पाणी जिथे जमिनीत मुरायचं, त्या कोपऱ्यात एक दिवस त्यांना फेकलेल्या लिंबाच्या बीतून आलेला कोंब दिसला. त्यांनी त्याच्याभोवती विटा लावल्या. "बीचं झाड आहे, फळ धरायला जन्म घेईल," तेव्हाची म्हातारी स्वयंपाकीण म्हणाली. "मला तरी कुठे जायचंय?" अक्का म्हणाल्या.

झाडानं खरंच फार वर्षं घेतली. पण एकदा धरलं ते असं धरलं की वसतिगृहात पुन्हा कधी लिंबू विकत आणावं लागलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलींना सरबत, घसा बसला की मध आणि लिंबू, आणि पिळून उरलेल्या सालींनी पितळी भांडी लख्ख. अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या झाडावर त्यांचा जीव होता. आणि कुणावर जीव जडला की अक्कांना एकच गोष्ट करता यायची, ती म्हणजे खायला घालणं.

तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला. चहाचा चोथा झाडाला. अंड्यांची टरफलं, भाज्यांची सालं, वर आणि गोठेवाल्याकडून मागून आणलेलं शेणखत, सगळं झाडाला. छाटलेल्या फांद्यासुद्धा अंगणाबाहेर जायच्या नाहीत. त्यांचे तुकडे करून अक्का बुंध्याशीच पसरायच्या. "झाडाचं झाडालाच," हा त्यांचा कायदा होता आणि त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

एका उन्हाळ्यात झाडाच्या नव्या फांद्या मध्येच फुगलेल्या दिसल्या. अंगठ्याएवढ्या जाड, खडबडीत गाठी. अक्कांनी त्या चाचपून पाहिल्या आणि आनंदानं त्यांचा ऊर भरून आला. "बघितलंस?" त्या भांडी घासणाऱ्या वहिनीला म्हणाल्या, "अंग धरलंय झाडानं!"

वहिनीनं हात पुसत पुसत पाहिलं. "मला तर सांधे सुजल्यासारखे वाटतात."

"तुझं काहीतरीच. इतकी वर्षं खातंय, अंगाला लागणार नाही होय?"

वर्षभर अक्का येईल त्याला ते गुटगुटीत झाड दाखवत होत्या. बाळसं धरलेल्या नातवाचे गाल दाखवतात तितक्याच कौतुकानं. पुढल्या वर्षी लिंबं कमी आली. आली ती बारकी आणि आत चोथाच जास्त. गाठींच्या पुढचे शेंडे वाळायला लागले. तेव्हा कुठे अक्का घाबरल्या, आणि त्यांनी खत दुप्पट केलं.

इथे रेक्टर बाई कथेत शिरतात. बाई वाईट नव्हत्या, त्यांना नीटनेटकेपणाचा आजार होता, इतकंच. मुलींच्या सायकली व्हरांड्यात कशाही पडतात, म्हणून त्यांना मागच्या अंगणात शेड हवी होती, आणि शेडच्या बरोब्बर मध्ये हे लिंबाचं झाड यायचं. इतके दिवस अक्कांच्या भिडेनं त्या गप्प होत्या. ऐन थंडीत त्या मागे आल्या, चष्मा वर करून त्यांनी गाठी न्याहाळल्या आणि म्हणाल्या, "अक्का, झाड रोगट झालंय. काढून टाकू या."

अक्कांच्या हातातली पातेली खाली पडली. "बाई, माझ्यासाठी एक डाव थांबा. मी बरं करते त्याला."

रेक्टर बाई म्हणाल्या, "वसंतात नवी पालवी येईल. त्या फांद्या धड निघाल्या तर झाड राहील. पुन्हा असल्याच गाठी आल्या तर मात्र मला अडवू नका."

मग अक्कांनी पदर खोचला. दिसेल ती गाठ कापली. झाडाचा निम्मा डोलारा त्यांनी खाली उतरवला, काट्यांनी हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतले. कापलेल्या गाठींचा ढीग अर्थातच बुंध्याशी गेला. वर शेणखताचं अख्खं पोतं. आणि वसंत लागला तसं झाड असं फुटलं म्हणता! लुसलुशीत, तजेलदार, बोटभर लांब कोंब जिकडेतिकडे. अक्का सकाळी उठल्या उठल्या आधी झाड बघायच्या आणि मग तोंड धुवायच्या.

त्याच सुमारास किडेवाली राहायला आली. शेतकी महाविद्यालयात किड्यांचा अभ्यास करणारी, काडीसारखी बारीक मुलगी. तिच्या कपाटात कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त होत्या आणि तिच्या खोलीत राहायला दुसरी मुलगी तयार नव्हती. अक्कांना बाटल्यांचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. ही मुलगी पहिलं वाढून घ्यायची आणि अक्का परत आल्या की ताटावर पंजा आडवा धरायची. बोलायची नाही, हसायची, पण पंजा हलायचा नाही. इतक्या वर्षांत अक्कांची पळी अशी कुणी परतवली नव्हती.

एके सकाळी अक्का मागे गेल्या तर ही बया झाडाखाली उकिडवी बसून काटक्यांच्या ढिगात भिंगातून बघत होती.

"काय हरवलंय ग?"

"हरवलं नाही, सापडलंय." तिनं एक कापलेली गाठ अक्कांसमोर धरली. गाठीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली होती. त्यातल्या एका भोकातून तिळाहून लहान, काळी चकचकीत माशी बाहेर आली, क्षणभर थांबली आणि उडून वर कोवळ्या फांदीवर जाऊन बसली. "ही बघा. आता ती त्या कोंबात अंडी घालणार. अंड्यातून अळी येते, आतच राहते, आतलंच खाते. ती राहते म्हणून फांदी फुगते. वर्षानं अळीची माशी होते आणि भोक पाडून बाहेर पडते. तुमच्या झाडावरच्या गाठी म्हणजे तिची घरं होती."

"होती ना? मग मी ती सगळी कापली की!"

"कापलीत, पण ठेवलीत कुठे? कापलेल्या फांदीतूनही माशी निघते. घर सोडून तिला लांब जावं लागू नये अशी सोय केलीत तुम्ही." मुलगी बोलायला लागली की तिला थांबायचं कळत नसे. "आणि तिला कोवळी, रसरशीत फांदीच लागते. इतकं छाटल्यावर आणि इतकं खत घातल्यावर झाड दुसरं काय काढणार? अक्का, तुम्ही झाडाला नाही, माशीला जेवायला घालताय."

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वतः दोन घास धड गिळत नाहीस, आणि मला जेवू घालायला शिकवतेस?" त्यांनी ढिगावर आणखी एक टोपली सालं ओतली आणि आत निघून गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस त्या किडेवालीच्या ताटात एकदाच वाढायच्या आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकायच्या. पंजा आडवा धरायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

उन्हाळा लागला आणि नव्या फांद्या फुगल्या. आधी कुणाला कळणार नाही इतक्या, मग बोट फिरवलं की लागाव्यात इतक्या, मग लांबूनही दिसाव्यात इतक्या. गेल्या वर्षापेक्षा जास्त. अक्का झाडाखाली उभ्या राहून एकेक फांदी चाचपत होत्या आणि या खेपेला त्यांना बाळसं दिसलं नाही. आपल्याच हातानं आपण याला संपवत आणलं, हे त्यांना अगदी लख्ख कळलं, आणि त्या तिथेच मटकन बसल्या. भांडी घासायच्या दिवसांत रडायच्या तशाच रडल्या.

संध्याकाळी त्यांनी किडेवालीच्या खोलीचं दार वाजवलं. हातात वाटी नाही, पेला नाही, काही नाही. अक्का रिकाम्या हातानं कुणाच्या दारात गेल्याचं वसतिगृहानं प्रथमच पाहिलं.

"पोरी, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "अजून काही होण्यासारखं आहे का?"

दोघी रेक्टर बाईंकडे गेल्या. बाईंनी गवंड्याशी बोलणं करूनच ठेवलं होतं. किडेवालीनं त्यांना भिंगातून गाठ दाखवली, आतल्या बारीक बारीक खणांत झोपलेल्या अळ्या दाखवल्या. बाईंना किळस आली, पण दुसऱ्यांदा बघायला त्यांनी भिंग पुन्हा मागून घेतलं. "माशीचं वर्षाचं एकच चक्र असतं," मुलगी म्हणाली. "ते एकदा मोडू द्या. पुढच्या पालवीपर्यंत थांबा."

"तू जबाबदारी घेतेस?"

"मी सांगेन तसं अक्का करतील," मुलगी म्हणाली, आणि अक्कांकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. "करतील ना?"

"करीन," अक्का म्हणाल्या. आपण काय कबूल करतोय हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

कारण पहिला हुकूम निघाला तो उपासाचा. झाडाला फक्त साधं पाणी. खत नाही, सालं नाहीत, चोथा नाही, तांदळाचं पाणीसुद्धा नाही, पुढच्या वसंतात माश्यांचे दिवस संपेपर्यंत. अक्कांवर असा प्रसंग आयुष्यात आला नव्हता. भात करायला घेतला की पातेलं घेऊन त्यांचे पाय आपसूक मागच्या दाराकडे वळायचे आणि उंबऱ्यावर थबकायचे. "बिचारं वाट बघत असेल," त्या वहिनीला म्हणायच्या. शेवटी ते पाणी त्यांनी रेक्टर बाईंच्या दारातल्या कुंड्यांना घालायला सुरुवात केली. कुठेतरी घातल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती.

दुसरा हुकूम थंडीत निघाला. किडेवाली स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बटाटे सोलायचं सोलाणं द्या."

"बटाटे आहेत कुठे आज?"

"बटाटे नाही, गाठी सोलायच्यात."

या खेपेला कापाकापी नव्हती. पुन्हा छाटलं तर झाड पुन्हा कोवळं फुटणार आणि माशीचं फावणार, हे आता अक्कांनाही कळत होतं. गाठीच्या एकाच बाजूची साल पातळ काढायची, आतले खण उघडे पडेपर्यंत. वारा लागला की अळ्या सुकून मरतात आणि फांदी मात्र जगते. ज्या एकदोन शेंड्यांवर गाठीच गाठी होत्या, तेवढेच कापले, ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी गच्चीवर उन्हात टाकून दिली. 'झाडाचं झाडालाच' हा कायदा अक्कांनी स्वतःच्या हातानं त्या पिशवीत बांधला.

सोलण्यात मात्र अक्कांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आयुष्यभर भाज्या सोलल्या होत्या, त्या काटे चुकवून झरझर साल उतरवायच्या. सुट्टीच्या दिवशी मुलीही आल्या. स्वयंपाकघरातली सगळी सोलाणी अंगणात आणि आत भाजी चिरायला कुणी नाही, असा तो प्रकार होता. उंच फांदीसाठी अक्का स्टुलावर चढल्या होत्या आणि किडेवाली खाली स्टूल धरून उभी होती. अचानक अक्कांनी विचारलं, "माझ्या हातचं आवडत नाही का ग तुला?"

"आवडतं की."

"मग ताटावर हात का धरतेस?"

मुलगी जरा घुटमळली. "तुम्ही मला भूकच लागू देत नाही, अक्का. हात काढला की तुम्ही थांबत नाही. मला पण कधीतरी मागून घ्यावंसं वाटतं."

 हातातली गाठ अक्कांनी गरजेपेक्षा जरा जास्तच सोलली.

भिंतीपलीकडे शिंपीकाका राहायचे. त्यांच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडांवर इकडच्यापेक्षा मोठ्या गाठी होत्या. "तुमचं झाड तुम्ही बघा, माझं मी बघतो," काका म्हणाले, आणि बघत तर काहीच नव्हते. "माशीला भिंत दिसते का काका?" अक्का स्टुलावरून म्हणाल्या. त्या दिवशी काका आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा स्टुलावर. तिसऱ्याही दिवशी. गिऱ्हाइकं विचारायला लागली की ही भिंतीवरची बाई कोण, तेव्हा काका कंटाळून बाहेर आले. त्यांनी सोलाणं घेतलं नाही. शिवण उसवायचं आपलं पातं काढलं आणि गाठीची साल अशी अलगद सोडवली की किडेवालीनं टाळ्या वाजवल्या. मग काय, काकांना हुरूप चढला. पुढल्या आठवड्यात तेच गल्लीतल्या लोकांना गाठी कशा सोलायच्या ते सांगत होते.

कापलेल्या शेंड्यांतल्या थोड्या गाठी किडेवालीनं मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. त्या काड्या काचेच्या बरणीत घालून तोंडाला कापड बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अक्कांना वाटलं, लोणच्याच्या बरणीची काय ही दशा. वसंत लागला तशा बरणीत माश्या दिसायला लागल्या. काळ्या चकचकीत होत्याच, पण काही पिवळट तपकिरीही होत्या.

"या आपल्या," मुलगी म्हणाली. "मित्रकीटक. या गाठमाशीच्याच अंड्यात अंडी घालतात आणि तिची पिल्लं संपवतात. सगळ्याच गाठी जाळल्या असत्या तर याही गेल्या असत्या." तिनं तोंडात एक बारीक नळी धरली, दुसरं टोक बरणीत घातलं आणि एकेक तपकिरी माशी ओढून छोट्या बाटलीत घेतली. नळीत मध्ये जाळी होती, पण अक्कांना ते कुठे माहीत! "अग, तोंडानं माश्या ओढतेस? आणि माझी भाजी नको म्हणतेस!" वहिनी हसून हसून मोरीपाशी बसली. काळ्या माश्या बरणीतच राहिल्या. तपकिरी बाटली अक्कांनी स्वतः झाडाखाली नेऊन उघडली.

या वर्षीची पालवी बघून अक्कांना भडभडून आलं. गेल्या वसंतातला तो तजेला कुठेच नव्हता. कोंब आखूड, थोडे, हळूहळू येणारे. "उपाशी ठेवलं ग आपण त्याला," त्या म्हणाल्या. "बघा तरी," मुलगी म्हणाली. त्या दोन शब्दांवर अक्कांनी सगळा वसंत काढला. रोज फांद्या चाचपायच्या, काही लागत नाही म्हणून हरखायचं आणि उद्या लागेल म्हणून धसकायचं.

उन्हाळ्यात रेक्टर बाई आल्या. बरोबर गवंडी, त्याच्या हातात मोजायची टेप. बाईंनी नव्या फांदीवरून दोन बोटं फिरवली. साफ. दुसरी, साफ. तिसरी, चौथी. अक्का पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मग आतल्या बाजूच्या एका फांदीवर बाईंची बोटं थांबली.

"ही काय?"

गाठच होती. छोटी, पण गाठ. 

"आहे," किडेवाली सरळ म्हणाली. "अजून दोनचार सापडतील. साफ संपली असं मी म्हणणार नाही, बाई. पण गेल्या वर्षी गाठ नसलेली फांदी शोधावी लागत होती, या वर्षी गाठ शोधावी लागतेय. थंडीत एवढ्या सोलायला अक्कांना एक दुपारसुद्धा लागायची नाही. आणि थोड्या राहिल्या तर आपल्या माश्यांनाही काहीतरी खायला हवंच."

रेक्टर बाईंनी चष्मा वर केला. झाडाकडे पाहिलं, मग भिंतीवरून डोकावणाऱ्या शिंपीकाकांकडे, मग अक्कांच्या हातांवरच्या काट्यांच्या जुन्या वणांकडे. गवंड्याला म्हणाल्या, "शेड पलीकडच्या भिंतीला लावून घ्या. दोन सायकली कमी बसतील, बसू देत." दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. "आणि अक्का, माझ्या कुंड्यांना ते काय पाणी घालता, ते चालू ठेवा. कधी नव्हे ती फुलं आलीत."

 अक्कांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आता माशीचे दिवस संपले," किडेवाली म्हणाली. "घाला त्याला खत. ओंजळभर."

अक्कांनी ओंजळभर खत बुंध्याभोवती पसरलं. हात सवयीनं पोत्याकडे परत गेला, थांबला, आणि त्यांनी पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

किडेवालीची शेवटची परीक्षा झाली होती. दुसऱ्या दिवशी ती बाटल्या बांधून जाणार होती. त्या रात्री जेवायला बसल्यावर तिनं पहिलं वाढलेलं संपवलं आणि अक्का येताना दिसल्या तसा पंजा आडवा धरला. अक्का तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पळी भरलेली होती. नेहमीचा शब्द त्यांच्या ओठांवर आला, तो त्यांनी गिळला.

"पुरे?" त्यांनी विचारलं. आणि वाट बघत राहिल्या.

पंगतीतल्या मुली जेवायच्या थांबल्या. किडेवालीनं वर पाहिलं. तिनं ताटावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अजून," ती म्हणाली.

अक्कांनी वाढलं. अर्धीच पळी.